जुनी मोटार, नवा मालक

हावड्याहून लोकल गाडीने निघाले की उत्तरपाड्याजवळ हिंदमोटर नावाचे एक स्थानक लागते. एका मोटार कारखान्यावरून पडलेले हे नाव. येथेच अर्धशतकाहून अधिक काळ ॲम्बॅसेडर मोटार तयार होत असे. २०१४ च्या मे महिन्यात ते उत्पादन थांबले. कोलकात्याची ओळख बनलेल्या पिवळ्या ॲम्बॅसेडर टॅक्सीही वयोमर्यादेमुळे एकामागून एक रस्त्यावरून उतरत गेल्या. आता शहरातील अरुंद गल्ल्यांत मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारापुढे उभी दिसते ती छोटी, मागचे दार वर उघडणारी हॅचबॅक मोटार. अनेक घरांत ती पहिलीच मोटार असते आणि बहुधा जुनी घेतलेली असते.

नोकरीनिमित्त कोलकात्यास बदलून आलेल्या मराठी कुटुंबापुढेही हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. घरात वृद्ध आईवडील असतात, मुलांच्या शाळेची वेळ सांभाळायची असते आणि शिल्लक तर बेताचीच असते. अशा वेळी जुनी मोटार घेण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र पै पै करून साठवलेली रक्कम एका सकाळी दुसऱ्याच्या हाती द्यायची असते. ती देण्यापूर्वी काय पाहावे, हे घरातील प्रत्येक जाणत्या माणसास ठाऊक असणे बरे.

पुष्कळ लोक प्रथम मोटार किती किलोमीटर चालली ते विचारतात. हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो आकडा मागे फिरवता येतो. कोलकात्यात त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत : मोटार पाण्यात बुडाली होती काय, आणि तिचे कागद खरोखर विक्रेत्याच्या नावाचे आहेत काय?

पाण्याची खूण

कोलकाता हे सखल शहर आहे. हुगळीच्या काठाने ते वसले असले, तरी त्याचा नैसर्गिक उतार नदीकडे नसून पूर्वेच्या पाणथळ प्रदेशाकडे आहे. नदीला भरती आली की तिचे पाणी उलट शहरात शिरू नये म्हणून नाल्यांची दारे बंद करावी लागतात. नेमका त्याच वेळी जोराचा पाऊस आला, तर ठनठनिया, ॲम्हर्स्ट स्ट्रीट, बेहाला अशा भागांत पाणी तुंबून राहते. २३ सप्टेंबर २०२५ रोजी दुर्गापूजेच्या तोंडावर चोवीस तासांत सुमारे २५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या. २६ जुलै २००५ चा प्रलय पाहिलेल्या मुंबईकरांना हे दृश्य नवे नाही.

अशी मोटार धुऊन, वाळवून, पॉलिश करून पुन्हा विक्रीस येऊ शकते. वरवर ती झळकते; पण तारांच्या सांध्यांत शिरलेला ओलावा महिनोन्महिने आपले काम करीत राहतो. आज दिवे लागत नाहीत, उद्या काच खाली येत नाही, परवा इंजिनच बंद पडते. पाण्यात चालू मोटारीच्या इंजिनाने पाणी ओढून घेतले असेल, तर हानी याहून मोठी असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे आतील दांडा वाकतो.

ही खूण ओळखण्यास मोठी विद्या लागत नाही. सुरक्षेचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर ती सारे सांगते. पायाखालची चटई उचलावी. आसनाखालच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज, जादा चाकाच्या खोबणीतील गाळ आणि पुढच्या दिव्यांच्या आतील डाग पाहावेत. गिअरचे तेल दुधाळ झाले आहे काय, हे मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसावे. कुबट वास किंवा तो झाकण्यासाठी मारलेला उग्र सुगंध, दोन्ही सारखेच संशयास्पद समजावेत. जुन्या मोटारीत चटया आणि गाद्या मात्र कोऱ्या असतील, तर त्यांचे कारण विचारावे.

विम्याचा कागदही येथे साक्षीदार होऊ शकतो. वर्षभरात भरपाई मागितली नाही तर मालकास हप्त्यात सवलत मिळते. पहिल्या वर्षानंतर ती २० टक्के असते आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. पाच-सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या मोटारीच्या विम्यावर ही सवलत शून्य दिसली, तर भरपाई कशासाठी घेतली होती ते स्पष्ट विचारावे. ही सवलत मालकाची असते, मोटारीची नव्हे. ती नव्या मालकाकडे येत नाही, हेही हिशेबात धरावे.

सकाळची भेट

मोटार पाहण्यास दिवसाउजेडी आणि शक्यतो सकाळी जावे. इंजिन थंड असताना सुरू करून पाहणे महत्त्वाचे असते. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा; ते गरम लागले तर इंजिन आधीच तापवून ठेवले आहे असे समजावे. सुरू झाल्यावर मागून निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळीत आहे. पांढरा धूर थांबेचना तर थंडाव्याचे पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटार थोडीच चालली असे सांगितले जात असेल आणि चारही टायर बदललेले असतील, तर दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. झिजलेले पेडल आणि गुळगुळीत झालेले सुकाणूचे चाकही आकड्याहून अधिक खरे बोलतात.

कोलकात्याच्या संथ, थांबत चालणाऱ्या वाहतुकीत सर्वांत जास्त झिजतो तो क्लच. त्यासाठी मोटार एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर न्यावी. वेग वाढवताना इंजिन नुसते ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही, असे झाले तर क्लच बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. सोबत आपल्या विश्वासातला मिस्त्री असावा. विक्रेत्याने सुचवलेला नको. आल्टो, वॅगन आर, सँट्रो, आय-टेन, टियागो अशा सर्वत्र दिसणाऱ्या मोटारींचे सुटे भाग आणि त्या दुरुस्त करणारी माणसे सहज मिळतात. दुर्मीळ मोटार स्वस्त मिळाली, तरी पुढे ती महाग पडते.

वयाचा हिशेब

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि २०२२ मध्ये त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले होते. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने कोलकाता व हावड्यातील १५ वर्षांवरील वाहने हटवण्याचा आदेश दिला होता. तेव्हा पंधराव्या वर्षानंतरची आशा हिशेबात न धरणेच शहाणपणाचे.

यासाठी एक साधी रीत आहे. किमतीस उरलेल्या वर्षांनी भागावे. समजा, २०२६ मध्ये दोन मोटारी पाहिल्या. एक २०१४ ची, १,६०,००० रुपयांची. तिची तीन वर्षे उरली. दुसरी २०१९ ची, ३,२०,००० रुपयांची. तिची आठ वर्षे उरली. पहिली वर्षाला सुमारे ५३,००० रुपयांस पडते, दुसरी ४०,००० रुपयांस. स्वस्त वाटणारी मोटारच महाग ठरली! शिवाय सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला आहे. म्हणून जुन्या मोटारीचा भाव ठरवण्यापूर्वी नव्या मोटारीची किंमत अवश्य विचारावी. हाती असलेली सर्व रक्कम खरेदीत घालू नये. बॅटरी, टायर, तेल आणि विमा यांसाठी काही भाग बाजूस ठेवावा.

कागदांची निकड

सौदा ठरला, किल्ली हाती आली, पेढे वाटले गेले. पण नोंदणीवर नाव जुन्याच मालकाचे राहिले. ही हयगय फार महाग पडू शकते. २००७ साली विकलेल्या एका मोटारीचे उदाहरण बोलके आहे. ती पुढे हातोहाती फिरली, पण नोंदणी बदलली नाही. २००९ मध्ये तिच्या धडकेने एका बालकाचा बळी घेतला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. दोन वर्षांपूर्वी मोटार विकून मोकळ्या झालेल्या माणसावर हा भार पडला.

म्हणून कागदांची घाई दोघांनीही करावी. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरावे लागतात. मोटारीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा ३५ क्रमांकाचा नमुना आणि बँकेचे पत्र पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. परराज्यातील मोटार असल्यास तेथील ना-हरकत दाखला, २८ क्रमांकाचा, घ्यावा आणि येथे भरावा लागणारा कर आधी विचारून ठेवावा. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. चासी आणि इंजिन यांवरील क्रमांक नोंदणीपत्राशी स्वतः ताडून पाहावेत. न भरलेले दंड सरकारी संकेतस्थळावर दिसतात. ते विक्रेत्याकडून भरून घ्यावेत.

हे सर्व करताना विक्रेता चिडला, घाई करू लागला, ‘दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे’ असे म्हणू लागला, तर त्या गिऱ्हाइकास खुशाल वाट द्यावी. मोटारी पुष्कळ मिळतात. घराची शिल्लक मात्र एकच असते. प्रामाणिक विक्रेत्यास प्रश्नांचे भय नसते. उलट, आपण जपलेली वस्तू जपणाऱ्या हाती जात आहे याचे त्यास समाधानच वाटते. नोंदणीपत्रावर आपले नाव उमटले, विमा आपल्या नावे झाला, की त्या दिवशी आईवडिलांना घेऊन गंगेच्या काठी निवांत फिरून यावे. त्या दिवसापासून ती मोटार जुनी असली, तरी खऱ्या अर्थाने आपली असते.