पवनेत पोहता येतं म्हणून नदीच्या सफरीला निघताय? आधी हे वाचा

लोणावळा : निळंशार पाणी, रबरी बोट, हातात वल्हं, रात्री नदीकाठच्या वाळूवर तंबू. असे रील हल्ली प्रत्येक मोबाईलवर फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'पाच-सहा दिवसांची ग्रुप सफर, नवशिक्यांनाही घेतो'. पवना धरणाच्या काठावरची बरीच पोरं आता कॅम्पवर कामाला आहेत, कयाक चालवायला शिकली आहेत. आपणही एकदा जावं असं त्यांना वाटतं. जायला हरकत काहीच नाही. पण धरणाचं थांबलेलं पाणी आणि वाहती नदी यांत बैलगाडी आणि घाटातला ट्रक एवढा फरक आहे.

पहिला प्रश्न बरेच जण विचारतात, तो म्हणजे आपल्याच पवनेतून किंवा इंद्रायणीतून अशी सफर का होत नाही? कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी थेट तुळापूरला भीमेला मिळते, म्हणजे लांबी आहे. पण वाटेत बंधारे आहेत, जलपर्णी आहे, गावांचं सांडपाणी आहे. उन्हाळ्यात पवनेला पाणी असतं ते धरणातून सोडतील तेवढंच. पावसाळ्यात पाणी भरपूर, पण तेव्हा बंधारा हाच सगळ्यात मोठा धोका. वरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं आणि तरंगणाऱ्या वस्तूला परत भिंतीकडे ओढतं. वरून पाहणाऱ्याला ते साधं फेसाळ पाणी वाटतं. त्यात सापडलेला माणूस लाइफ जॅकेट असूनही सुटत नाही, असं होऊ शकतं. बरगे काढताना बंधाऱ्यावर उभं राहिलेल्या शेतकऱ्याला या ओढीची कल्पना असेल.

जवळचा खरा पर्याय म्हणजे कोलाडची कुंडलिका. गंमत अशी की तिथल्या लाटा आपल्या शेजारच्या मुळशी धरणाच्या पाण्यावर उठतात. ते पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात जातं आणि वीज करून झाली की कुंडलिकेत सुटतं. म्हणून राफ्टिंग सकाळी असतं, पाणी सुटतं त्या वेळेला. साजे गावाजवळून सुमारे १२ किलोमीटरचा टप्पा, दोन-तीन तासांचं काम. लोणावळ्याहून खोपोली-पालीमार्गे जाता येतं. लांबच्या सफरीचे पैसे भरण्याआधी इथे एक दिवस घालवावा. आपल्याला भीती वाटते का, ओरडून दिलेली आज्ञा कानावर पडते का, खांदे किती टिकतात, हे तिथे स्वस्तात कळतं.

अनेक दिवसांची सफर म्हटली की लडाखची झंस्कार नदी. पदुमच्या बाजूने निघून निम्मूला ती सिंधूला मिळते तिथवर. पदुम सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे लेहला पोहोचून दोन दिवस नुसतं आराम करणं हा वेळेचा अपव्यय नाही. पाणी बर्फाचं. पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत बधिर होतात, पोहणं आठवत असून जमत नाही. म्हणून तिथे अंगावर वेटसूट किंवा ड्रायसूट लागतोच. निम्मू-पदुम-दारचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला, तरी दरीत दुखापत झाली तर दवाखाना लांबच.

ग्रुपमध्ये राहायचं कसं, हे दिंडीत चाललेल्याला लगेच समजेल. सामान एका बोटीवर, ताल एकाचा, मुक्काम ठरलेला, आणि मागे राहिलेल्यासाठी सगळे थांबणार. बोटीतला गाईड 'फॉरवर्ड' म्हणाला की सगळ्यांनी एकदम वल्हं मारायचं. एकाने फोटोसाठी हात थांबवला तरी बोट आडवी होते. संध्याकाळी तंबू ठोकणं, पाणी भरणं, भांडी घासणं हेही वाटून. पैसे भरलेत म्हणून पाहुण्यासारखं बसणारा दुसऱ्या दिवशीच सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो.

बोटीतून पडलात तर काय करायचं? उभं राहायचा प्रयत्न करू नका. मावळातल्या माणसाला ही सवय मोडणं अवघड, कारण ओढ्यात आपण पाय टेकवतोच. पण वाहत्या पाण्यात पाय खडकाच्या कपारीत अडकला की मागचं पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. पाठीवर पडायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला, आणि फेकलेली दोरी छातीशी धरायची. वाहत्या पाण्याचा जोर किती, हे ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले तेव्हा सगळ्यांनी पाहिलं आहे.

सफर ठरवताना जेवणात काय आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, बोटीसोबत सुरक्षेची वेगळी कयाक असते का? गाईडने प्रथमोपचाराचं आणि नदीतल्या बचावाचं प्रशिक्षण घेतलंय का? किती माणसांमागे किती गाईड? पाणी वाढलं तर सफर थांबवणार का, आणि पैशांचं काय? विमा कशाकशाला लागू आहे? या प्रश्नांवर 'काही होत नाही हो' असं उत्तर आलं तर तिथून उठावं. लाइफ जॅकेट घातल्यावर सोबत्याला ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. दम्याचा, फिटचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर लपवू नका.

झंस्कारचा हंगाम जुलै ते सप्टेंबर. म्हणजे ऐन भातलावणीत कुणाला सुटका नाही, पण लावणी उरकून ऑगस्टच्या अखेरीस निघता येतं. ऋषिकेशची गंगा मात्र त्या दिवसांत राफ्टिंगला बंद असते. तिथे जायचं तर भात कापणी, झोडणी झाल्यावर. आणि पवनेच्या कॅम्पवर ज्यांना हाच धंदा करायचाय, त्यांच्यासाठी गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. जीवरक्षकाचं आणि बोट चालवण्याचं प्रशिक्षण तिथे मिळतं. प्रवेशाची चौकशी पावसाळ्यात, काम कमी असतानाच करून ठेवलेली बरी.