अंगठा नाकारला, हिशेब पटला

साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतले आटपाडी-जत हा दुष्काळी पट्टा. इथल्या बाईची कमाई रोजची आणि थोडी. बँकही तशीच हवी. याच पट्ट्यातल्या म्हसवडच्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत अशी बँक काढायचं ठरवलं. अर्जावरचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि पुन्हा गेल्या. व्याज तोंडी काढून दाखवतो, म्हणाल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

बँकेच्या प्रतिनिधी दारात, बाजारात येऊन छोटी रक्कम जमा करून घेतात. भाजीवालीला पाटी सोडून शाखेत जावं लागत नाही, दिवसाची कमाई बुडत नाही. कर्जातून शेळी येते, शिलाई मशीन येतं, आठवडी बाजाराचं भांडवल उभं राहतं. सावकाराचा उंबरा झिजवावा लागत नाही.