मुक्तस्रोत संगणक प्रणाली सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचावी कशी?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक प्रणालीची नियमित साहाय्यसेवा बंद केली. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसल्याने अनेक सुस्थितीतील संगणक नव्या प्रणालीस अपात्र ठरले. अशा बहुतेक संगणकांवर लिनक्सवर आधारित मुक्तस्रोत प्रणाली विनामूल्य बसवता येते. तरीही सामान्य ग्राहक तिच्याकडे सहसा वळत नाही.

जिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते, ती मुक्तस्रोत प्रणाली. या स्वातंत्र्याचे मोल संगणकतज्ज्ञ जाणतात आणि प्रचारही बहुधा त्याचाच होतो. घरगुती ग्राहकाचे प्रश्न मात्र निराळे असतात. प्रिंटर चालेल का, मराठीत टंकलेखन करता येईल का, अडचण आल्यास विचारायचे कोणाला?

ही दरी सांधण्याचा सर्वांत लक्षणीय प्रयत्न उबुंटूने केला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने ती ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसृत केली. मागणी नोंदवणाऱ्यास तिची सीडी टपालाने घरपोच मिळे. टपालखर्चही घेतला जात नसे. इंटरनेटचा वेग अत्यल्प असलेल्या त्या काळात भारतातील विद्यार्थ्यांना ही मोठीच सोय होती. शिवाय संगणकातील मूळ प्रणालीला धक्का न लावता उबुंटू सीडीवरूनच चालवून पाहता येई. बाजारपेठेतील मायक्रोसॉफ्टचे वर्चस्व हीच शटलवर्थ यांनी उबुंटूची ‘त्रुटी क्रमांक १’ म्हणून नोंदवली होती. सीडी पाठवण्याची योजना २०११ मध्ये थांबली. त्रुटीची नोंदही २०१३ मध्ये मिटवण्यात आली, पण ती उबुंटूच्या विजयामुळे नव्हे. स्मार्टफोन आणि टॅब्लेटमुळे बाजारपेठेचे स्वरूपच पालटले होते.

त्या बदलात अँड्रॉइडचा वाटा मोठा होता. तिचा गाभा लिनक्सचाच. मात्र २००८ पासून ती फोनमध्ये आधीच बसवलेली येत असल्याने ग्राहकाला लिनक्सचे नावही ठाऊक असण्याची गरज पडली नाही. अर्थात, आयती मिळालेली प्रणाली टिकतेच असे नाही. तैवानच्या आसुस कंपनीचा लहानसा ‘ई पीसी’ २००७ मध्ये लिनक्ससह आला, परंतु पुढच्याच वर्षी त्याच्या विंडोज एक्सपी आवृत्त्याही बाजारात आल्या. ग्राहकांना सवयीचे प्रोग्राम हवे होते.

ही सवय लावण्याचे काम केरळने शाळांतून केले. तेथील ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने शासकीय शाळांत मुक्तस्रोत प्रणाली आणली आणि त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. विद्यार्थ्याच्या शंकेचे निरसन करणारी व्यक्ती वर्गातच उपलब्ध झाली, ही त्यातील महत्त्वाची बाब. केडीई व अन्य मुक्तस्रोत गटांनी २०२५ मध्ये ‘एंड ऑफ टेन’ मोहीम हाती घेतली, तेव्हा तिनेही जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून देणारी दुरुस्ती केंद्रे आणि स्वयंसेवक यांची ठिकाणनिहाय यादी उपलब्ध करून दिली.