शाळेच्या बागेतील सोबतीचे काम

पुरुषोत्तमनगरच्या आसपास, शहादा तालुक्यातील काळ्या जमिनीत, शाळेची परसबाग लावणे हे काही नवलाचे नाही. शालेय पोषण आहारासाठी मेथी-पालक काढणाऱ्या शाळा शिक्षक बंधुभगिनींच्या परिचयाच्या आहेतच. परंतु त्या बागेत अपंग मूल कोठे असते, असे विचारल्यास बहुधा उत्तर येते की, ते सावलीत बसविलेले असते. इतर मुले खणतात आणि ते पाहत राहते. यात दया आहे, सोबत नाही. या दोहोंतील अंतर ज्या ठिकाणी उत्तम रीतीने समजते, त्याची ओळख प्रथम करून घेऊ.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ खडकाळ माळावर बाबा आमटे यांनी सहा कुष्ठरुग्णांसह आनंदवन वसविले. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. रुग्णांनी स्वतः विहीर खणली, जमीन साफ केली आणि धान्य-भाजीपाला पिकविला. पुढे मूल तालुक्यातील सोमनाथ येथे असेच काम उभे राहिले व मे महिन्यात तेथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. महाविद्यालयीन मुले-मुली सेवा करावयाच्या हेतूने येत. पण कुदळ कशी धरावी, हे त्यांनाच शिकावे लागे. जमिनीचे जाणते कुष्ठमुक्त शेतकरी होते, नवखे होते ते पाहुणे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. कुष्ठरोगाने मज्जातंतू दुखावले की हातापायांची संवेदना जाते. शहरी मुलाच्या तळहातास फोड आला की तो कळवळून थांबतो. बधिर हातास तो फोड कळतच नाही. हात कुदळ चालवीत राहतो, जखम चिघळते आणि कालांतराने बोटे आखूड होतात. म्हणून अवजाराच्या दांड्यास कापड गुंडाळून तो जाड व मऊ करावा आणि काम संपताच हातपाय डोळ्यांनी तपासावेत. एकाच्या अनुभवाने दुसरा शेती शिकतो, दुसऱ्याच्या नजरेने पहिल्याचा हात वाचतो. (औषधोपचार सुरू झाल्यावर हा रोग इतरांस लागत नाही, हे पालकांस सांगण्यास विसरू नये.)

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत कुष्ठमुक्त व्यक्ती आहेत, तसाच सिकलसेल हा रक्तविकारही आहे. सातपुड्यातील आदिवासी कुटुंबांत तो बऱ्याच प्रमाणात आढळतो. असे मूल बाहेरून धडधाकट दिसते, पण लवकर थकते, आणि त्यास आळशी ठरविण्याची घाई आपणांपैकी अनेकांच्या हातून झाली आहे. अशा मुलास वारंवार पाणी प्यावयास द्यावे. भर उन्हात खणावयास लावू नये, हिवाळ्यात गार पाण्यात फार वेळ हात घालू देऊ नयेत. अंग दुखू लागले किंवा ताप आला, तर काम थांबवून आरोग्य केंद्र गाठावे. रोपवाटिका व बियाण्यांची नोंद ही कामे त्याने अवश्य करावीत. बागेचा हिशेब त्याच्या वहीत राहिला तर सर्वांस त्याच्याकडे यावेच लागते.

आता जागेविषयी. आपली काळी माती पावसात चिकटते. तीत कुबडी रुतते आणि चाकाची खुर्ची अडते. म्हणून वाफ्यांमधील वाट मुरूम टाकून पक्की करावी. एक वाफा विटांचा कट्टा बांधून उंच करावा, तो इतका अरुंद असावा की बसल्या जागेवरून पलीकडच्या कडेपर्यंत हात पोहोचेल. उसाचे पाचट येथे मुबलक मिळते; ते पसरल्यास ओल टिकते आणि निंदणीही कमी पडते.

अंध मुलासाठी दोरीस फूट-फूट अंतरावर गाठी मारून ती वाफ्यावर ताणावी. प्रत्येक गाठीपाशी तो भेंडीचे बी टोचील आणि त्याची ओळ डोळसांच्या ओळीहून सरळ निघेल. भेंडी, गवार, मेथी यांचे बी बोटांनी ओळखण्याचा खेळ त्यानेच वर्गास शिकवावा. कर्णबधिर मुलाशी 'थांब', 'पाणी', 'पुरे' एवढ्या खुणा आधी ठरवाव्यात, आणि त्या सर्व वर्गाने वापराव्यात.

जोड्या महिनाभर बदलू नयेत. आरंभी मेथी घ्यावी. ती तीन-चार आठवड्यांत काढणीस येते, आणि ज्यांस धीर कमी त्या मुलांनाही तेवढे थांबता येते.