दुसऱ्या कंपनीची लेन्स लावली की फोटो जास्त उजळ किंवा काळपट का येतात?

जागा तीच, उजेड तोच, फक्त लेन्स बदलली आणि फोटो एकदम पांढराफटक आला! कॅमेरा एका कंपनीचा आणि लेन्स दुसऱ्या कंपनीची असली की हा अनुभव अनेकांना येतो. मग कुणी कॅमेऱ्याला दोष देतं, तर कुणी लेन्स मिळेल त्या भावात विकून टाकतं. खरं तर चूक कुठे आहे, हे घरच्या घरी दहा मिनिटांत तपासता येतं.

कॅमेरा प्रकाश कसा मोजतो?

समजा, तुमच्या डीएसएलआरवर एफ/२.८ची लेन्स आहे आणि फोटो एफ/८वर काढायचा आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट दिसावं आणि फोकस पटकन व्हावा म्हणून लेन्सचं ॲपर्चर तोपर्यंत पूर्ण उघडंच असतं. म्हणजे प्रकाश मोजला जातो एफ/२.८वर. एफ/८ हे त्यापेक्षा तीन स्टॉप खाली. दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे एक अष्टमांश प्रकाश आत येईल, असा हिशोब कॅमेरा आधीच करून ठेवतो. बटण दाबलं की ॲपर्चरची पाती मिटतात, फोटो निघतो आणि पाती पुन्हा उघडतात.

इथे कॅमेरा दोन बाबतींत लेन्सवर अवलंबून असतो. लेन्सने स्वतःची माहिती बरोबर सांगायला हवी आणि पाती ठरल्याइतकीच मिटायला हवीत. पाती एफ/५.६वरच अडकली, तर दुप्पट प्रकाश आत येतो आणि फोटो एक स्टॉप उजळ होतो.

बाहेरच्या लेन्समध्ये अडचण का येते?

कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी माउंटवरच्या धातूच्या संपर्कबिंदूंमधून बोलतात. ही भाषा प्रत्येक कॅमेरा कंपनीची वेगळी असते. काही लेन्स कंपन्या परवाना घेतात, काही ती भाषा स्वतः उलगडून लेन्स बनवतात. त्यामुळे नवा कॅमेरा आला की जुनी लेन्स कधी कधी गोंधळते. अशा वेळी फर्मवेअर अपडेट कामी येतं. सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल त्यासाठीच आहेत.

चिप नसलेल्या जुन्या मॅन्युअल लेन्सची गोष्ट आणखी वेगळी. निकॉन डी५६००वर अशी लेन्स लावली तर मीटर चालतच नाही. डी७२००मध्ये मात्र फोकल लेन्थ आणि कमाल ॲपर्चर हाताने भरता येतं.

मिररलेस कॅमेऱ्यात मोजणी थेट सेन्सरवर होते, म्हणून असे घोटाळे कमी होतात. पण पाती अडकत असतील तर तिथेही सुटका नाही.

अशी करा चाचणी

एकसारखा उजेड असलेल्या साध्या भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. दिवसाचा स्थिर उजेड उत्तम. ॲपर्चर प्रायॉरिटी मोड निवडा, ऑटो आयएसओ बंद करा. एफ/२.८, ४, ५.६, ८, ११ असे फोटो काढा. नंतर एफ/८वरच सलग दहा काढा. आता हिस्टोग्राम पाहा.

१. सगळे फोटो सारखेच काळपट किंवा उजळ: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने तेवढा फरक भरून काढा.
२. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर बरोबर, पुढे उजळ होत जाणारे: पाती पुरती मिटत नाहीत.
३. एफ/८वरचे दहा फोटो कमी-जास्त: यंत्रणा अडखळते आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात आधी संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा तपासा. तरीही फरक राहिला, तर लेन्स सर्व्हिस सेंटरला दाखवा. सेकंडहँड लेन्स घेत असाल तर पैसे देण्याआधीच ही चाचणी करा.

प्रत्येक फरक हा बिघाड नसतो

एफ-नंबर हे फक्त फोकल लेन्थ आणि ॲपर्चरच्या व्यासाचं गुणोत्तर आहे. काचेतून प्रत्यक्षात किती प्रकाश पार होतो, हे त्यातून कळत नाही. म्हणून मॅन्युअल मोडमध्ये, त्याच सेटिंग्जवर, दोन चांगल्या लेन्सही थोडा वेगळा उजेड देऊ शकतात. सिनेमाच्या लेन्सवर म्हणूनच टी-स्टॉप लिहिलेला असतो. त्यात पार होणारा प्रकाश धरलेला असतो.