मंद दृष्टी आणि अक्षरांचा रंग

लग्नपत्रिका घरी येते. लाल कागदावर सोनेरी अक्षरे झळकत असतात. तरुण मंडळी ती क्षणात वाचतात. आजोबा मात्र ती खिडकीपाशी नेऊन तिरपी धरतात आणि अखेर मुहूर्त दुसऱ्याकडून वाचवून घेतात. दोष बारीक टाइपाला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा निराळे असते.

डोळा अक्षर ओळखतो तो मुख्यतः उजळ-अंधाऱ्याच्या भेदाने, रंगाच्या भेदाने नव्हे. तांबडा आणि हिरवा हे रंग कितीही भिन्न असोत, दोहोंची उजळता सारखी असेल तर एकावर दुसऱ्याने लिहिलेले वाचणे जिकिरीचे होते. ही तफावत मोजता येते. संगणकाच्या पडद्यावरील मजकुरासाठी २००८ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे शुभ्र पांढऱ्यावर गडद काळ्याचे प्रमाण २१ : १ भरते आणि सामान्य मजकुराला किमान ४.५ : १ लागते. निकोप दृष्टीला ३ : १ पुरते असे धरून, मंद झालेल्या दृष्टीसाठी त्याची दीडपट केलेली आहे. अधिक अधू दृष्टीसाठी ७ : १ सांगितले आहे. फिकट करड्या अक्षरांची आजची आवड या हिशेबात बसत नाही.

देवनागरीला तर हा प्रश्न अधिकच जाचतो. ध आणि घ, भ आणि म यांच्यातील फरक एखाद्या बारीक रेघेचा. शाई फिकी असली की आधी अनुस्वाराचे टिंब नाहीसे होते आणि ‘मंद’चा ‘मद’ होतो.

मग काळ्यावर पांढरे की पांढऱ्यावर काळे? निकोप डोळ्याला त्यात फारसा फरक जाणवत नाही. मोतीबिंदूने भिंग गढूळ झालेल्याची गोष्ट वेगळी. कोऱ्या कागदाचा उजेड त्याच्या डोळ्यात पसरतो आणि अक्षरांवर धुके चढते. अमेरिकेतील गॉर्डन लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले, की असे वाचक काळ्या पृष्ठावरची पांढरी अक्षरे अधिक वेगाने वाचतात.

छापील पुस्तक काही उलटे करता येत नाही. परंतु काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीपुरती खाच कापून तो पानावर ठेवला, की भोवतीचा पांढरा कागद झाकला जातो आणि तेवढी एक ओळ स्पष्ट उरते. दिवा बाजूने, डोळ्यांत न येईल असा ठेवावा.