विष तेच, पक्षी मात्र तगला

डिसेंबर 1970 मध्ये अमेरिकेत ट्यूना माशाच्या डब्यांत मर्यादेपेक्षा जास्त पारा सापडला आणि एकच गदारोळ उडाला. दुकानांतून डबे परत मागवले गेले. त्याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठातले हॉवर्ड गँथर आणि त्यांचे सहकारी जपानी लाव्ह्यांवर, म्हणजे पोल्ट्रीवाल्यांच्या बोलीत बटेरांवर, एक प्रयोग करत होते. पक्ष्यांच्या दोन्ही गटांच्या खाद्यात त्यांनी मिथाइलमर्क्युरी हे पाऱ्याचे जहाल रूप मिसळले. पाऱ्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच होते, दशलक्षात 20 भाग. फरक होता तो बाकीच्या खाद्यात. एका गटाला मका-सोयाबीन मिळत होते, दुसऱ्याच्या खाद्यात 17 टक्के ट्यूना होता. बदनाम झालेला मासा खाणारे पक्षी अधिक काळ जगले!

ट्यूनात पाऱ्याबरोबर सेलेनियमही भरपूर असते. तेवढेच सेलेनियम उंदरांना दिले तेव्हा त्यांच्यावरचाही विषाचा परिणाम कमी झाला. ‘सायन्स’ साप्ताहिकात 1972 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यामागचे रसायनशास्त्र आता बरेच उलगडले आहे. पेशींची झीज रोखणाऱ्या काही विकरांना सेलेनियम लागते. पारा नेमका त्यालाच घट्ट बिलगतो आणि विकरे निकामी होतात. खाद्यातून जादा सेलेनियम मिळाले तर पाऱ्याने अडकवून ठेवूनही विकरांच्या वाट्याला काही उरते.

कॅडमियमची चाल वेगळी. अमेरिकेतल्याच फॉक्स आणि फ्राय यांनी 1970 मध्ये बटेराच्या पिल्लांना किलोमागे 75 मिलिग्रॅम कॅडमियम असलेले खाद्य दिले. पिल्ले खुरटली, त्यांच्या अंगात रक्त उरले नाही, यकृतातले लोह घटले. खाद्यात क जीवनसत्त्व मिसळताच रक्तक्षय जवळजवळ पूर्ण टळला आणि वाढही सुधारली. वास्तविक कोंबडीवर्गातले पक्षी क जीवनसत्त्व स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करतात. पण कॅडमियमचा साठा होतो आणि घाव बसतो तो मूत्रपिंडावरच.

शिसे कॅल्शियमच्या वाटेने आत शिरते. एका अंड्याच्या कवचासाठी कोंबडीला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, त्यामुळे अंड्यावरच्या कोंबडीचे आतडे त्यासाठी कायम भुकेले असते. खाद्यात शिंपल्यांचा चुरा पुरेसा असेल, तर एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी कॅल्शियम ती जागा आधीच अडवते. तो कमी पडला, की शिशाचे फावते.

पक्षी वाचला, पण खाणारा?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. विषाची बाधा कमी होणे आणि विष शरीराबाहेर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जस्त दिल्यावर शरीरात मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन वाढते. ते कॅडमियमला बांधून ठेवते, म्हणून पेशी वाचतात. बांधलेला धातू मात्र यकृतात आणि मूत्रपिंडात तसाच राहतो. सेलेनियम दिल्यावर पाऱ्याचे उत्सर्जन उलट घटल्याचेही प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. कोंबडी टुणटुणीत दिसते म्हणून तिची कलेजी निर्धोक ठरत नाही.

शिवाय औषधाचीही मात्रा ओलांडता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयात शेतीच्या निचऱ्याबरोबर सेलेनियम साचत गेले आणि 1983 मध्ये तिथल्या पाणपक्ष्यांच्या अंड्यांत व्यंग असलेले गर्भ आढळले. अमेरिकेत कोंबडीखाद्यात वरून मिसळायच्या सेलेनियमवर दशलक्षात 0.3 भाग अशी मर्यादा आहे. खनिज मिश्रणांचेही तसेच. फॉस्फेट आणि जस्ताची क्षारे हलक्या प्रतीची असतील तर त्यांच्यातूनच कॅडमियम खाद्यात येते.

गावरान अंडे म्हणजे शुद्ध, ही आपली समजूतही तपासून पाहायला हवी. सिडनीतल्या परसबागांमधल्या कोंबड्यांच्या अंड्यांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. दुकानातल्या अंड्यांपेक्षा त्यांत सरासरी 40 पटींहून अधिक शिसे होते. जुना रंग आणि एकेकाळचे शिसेयुक्त पेट्रोल यांनी तिथली माती दूषित झाली होती, आणि कोंबडी तर दिवसभर मातीच उकरते.

तेव्हा खुराकाचा क्रमांक दुसरा. आधी माती, पाणी आणि खाद्याचा कच्चा माल तपासून घ्यावा. जुन्या बॅटऱ्या, भंगार आणि रंगाचे पोपडे कोंबड्यांच्या वाटेतून दूर ठेवावेत. त्यानंतर शिंपल्यांचा चुरा, जस्त, सेलेनियम, क जीवनसत्त्व यांची मात्रा पशुवैद्यकाला विचारून ठरवावी. दूषित जागा तशीच ठेवून नुसता खुराक वाढवला, तर कोंबडी कदाचित तगेल. धातू मात्र अंड्यातून आणि कलेजीतून आपल्या ताटात येतच राहील.